लायब्ररींचा मिरर आपला आपण उभा करावा का?

ऐरोलीकर (धागाकर्ता)
लायब्ररी किंवा पॅकेज म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, आणि मिरर म्हणजे त्याची आपल्या सर्व्हरवर ठेवलेली प्रत. महाप्यात आमची बारा जणांची सॉफ्टवेअर कंपनी. गेल्या पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर खोदकामात फायबर तुटली, आणि नेमकं त्याच रात्री ग्राहकाला बिल्ड, म्हणजे चालवायला तयार सॉफ्टवेअर, द्यायचं होतं. कोड आमचा, सर्व्हर आमच्याच खोलीत, पण नव्या मशीनवर एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं नेटवरून आणणारं साधन) इन्स्टॉल दिलं की टाइमआउट. शेवटी खिडकीच्या कठड्यावर मोबाइल ठेवून हॉटस्पॉट लावला. चौदाशे पॅकेजं उतरता उतरता रात्रीचे अडीच वाजले. मधे दोनदा रेंज गेली, दोनदा पहिल्यापासून.

तेव्हापासून डोक्यात आहे, की ज्या कोडवर आपलं पोट चालतं तो आपल्याकडे नसतोच. 2016 च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड या एनपीएम पॅकेजच्या लेखकाने नावाच्या वादात आपली पॅकेजं काढून घेतली. अकरा ओळींचं ते पॅकेज गेल्यावर जगभरची बिल्डं पडली. 2021 मध्ये बिनट्रे ही पॅकेजं ठेवणारी सेवा बंद झाली आणि तिच्या जेसेंटर या कोठारावर विसंबलेल्या अँड्रॉइडवाल्यांना ग्रेडलच्या (बिल्ड करणाऱ्या साधनाच्या) फाइली बदलत बसावं लागलं. आपल्याकडे डिसेंबर 2014 मध्ये सरकारी आदेशाने 32 संकेतस्थळं अडवली, त्यात गिटहब, जगभरचा कोड जिथे ठेवलेला असतो ते, होतं.

ठाणे-नवी मुंबईतल्या आठ-दहा छोट्या कंपन्यांनी वर्गणी काढून रबाळे-ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये मिरर ठेवावा, असं मला वाटतं. एमआयटी, अपाचे हे मुक्त कोडचे परवाने प्रत ठेवायला आणि वाटायला मुभा देतात, परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की झालं. चार घरांनी मिळून विहीर खणावी तसं.

नौपाड्याहून
तुमचा त्रास समजतो, पण उपाय चुकतोय. फायबर तुमच्या दारात तुटली होती. मग रबाळ्याचा मिरर तरी कसा गाठला असता? त्या रात्री हवी होती ती ऑफिसातल्याच मशीनवर व्हर्डाचिओ नावाची कॅशे. एकदा उतरवलेलं पॅकेज ती स्वतःकडे ठेवते, पुढच्या वेळी बाहेर जावंच लागत नाही. जुना डेस्कटॉप आणि अर्धा दिवस, एवढंच लागतं.

आणि लेफ्ट-पॅडचं पुढचं सांगा ना. ते पॅकेज काही तासांत परत आलं आणि एनपीएमने नियम बदलला. प्रकाशित होऊन 72 तास उलटले आणि इतर पॅकेजं त्यावर अवलंबून असली, तर लेखकाला ते सहज काढता येत नाही. ते भोक बरंचसं बुजलं आहे.

घोडबंदर रोड
मी सुरक्षेचं काम करतो, म्हणून वेगळी भीती सांगतो. मिरर चांगलं जपतो तसं विषही जपतो. गो या प्रोग्रॅमिंग भाषेत बोल्टडीबी या डेटाबेस लायब्ररीच्या नावाशी मिळतंजुळतं खोटं पॅकेज 2021 मध्ये कुणीतरी टाकलं. मग गिटहबवरचा टॅग (व्हर्जनची खूण) बदलून तिथे स्वच्छ कोड ठेवला. बघणाऱ्याला सगळं ठीक दिसे, पण गूगलने चालवलेला गोचा अधिकृत मिरर पहिली, मागचं दार (हल्लेखोराला आत येऊ देणारी चोरवाट) असलेली प्रत वर्षानुवर्षं देत राहिला. 2025 मध्ये ते उघडकीला आलं. गूगलच्या मिररचं हे झालं, तर वर्गणीच्या मिररवर नजर कोण ठेवणार? मूळ रजिस्ट्रीने (एनपीएमसारख्या पॅकेजांच्या कोठाराने) काढलेलं पॅकेज आपल्याकडूनही त्याच दिवशी काढायला हवं. हे रोजचं काम आहे, सणासुदीलाही.

ऐरोलीकर
नौपाडा, फायबरचा मुद्दा मान्य. कॅशे ऑफिसातच हवी, येत्या शनिवारी बसवतो.

पण कॅशेत फक्त आपण मागितलेलंच येतं. उद्या नवं व्हर्जन लागलं आणि रजिस्ट्री बंद असली तर? एनपीएम गिटहबचं आणि गिटहब 2018 पासून मायक्रोसॉफ्टचं. 2019 मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या गिटहबवरच्या खाजगी रेपॉझिटरी (कोडचे साठे) बंद पडल्या. सार्वजनिक कोड चालू राहिला, हे खरं. पण निर्णय झाला तो दुसऱ्या देशाच्या कायद्याने, आणि डेव्हलपरांच्या हाती काहीच नव्हतं.

घोडबंदरसाहेब, उलट बाजूही बघा. सप्टेंबर 2025 मध्ये एनपीएमवर स्वतःच पसरणारा किडा आला, टोकन (लेखकांच्या प्रकाशनाच्या चाव्या) चोरून पुढच्या पॅकेजांत शिरत होता. मिरर नवं व्हर्जन आठवडाभर थांबवून घेणारा असेल तर असलं बरंच बाहेरच राहील.

घोडबंदर रोड
राहील. आणि डिसेंबर 2021 सारखी, लॉग4जे या लायब्ररीत मोठं भोक सापडलं तशी, वेळ आली तर दुरुस्तीही आठवडाभर बाहेरच राहील. तेव्हा तासातासाला महत्त्व होतं. अपवाद कुणी मंजूर करायचा, हे आधी ठरवा.

खारघर, कॉलेज लॅब
मी शिकवते. लॅबमध्ये साठ मशीन आणि लाइन बारीक. प्रॅक्टिकलला साठ जण तेच पॅकेज एकदम उतरवायला लागतात, पहिली वीस मिनिटं सगळे नुसते पट्टी सरकताना बघत बसतात. आयआयटी कानपूरच्या लिनक्स मिररवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या, तसं इथे का नको?

विश्वासाबद्दल एक सांगते. डेबियन या लिनक्सचे मिरर जगभर स्वयंसेवक चालवतात, तरी चालतं, कारण एपीटी हे त्याचं इन्स्टॉलचं साधन मिररवर विसंबत नाही, डिजिटल सही तपासतं. एनपीएमच्या लॉकफाइलमध्येही (वापरलेल्या व्हर्जनांची यादी) प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. लॉकफाइल आपल्या कोडसोबत गिटमध्ये ठेवली, तर मिररने नंतर एक अक्षर बदललं तरी इन्स्टॉल अडतं.

नौपाड्याहून
ताई, लॅबचं पटलं, तिथे हवाच. पण सही बरोबर म्हणजे आतला कोड बरोबर असं नाही. 2024 मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनातलं मागचं दार मेंटेनरचे (देखभाल करणाऱ्याचे) अधिकार मिळवलेल्या माणसानेच रीतसर प्रकाशित केलं होतं. मूळ लेखक थकलेला, एकटा, म्हणून त्याला आत शिरता आलं. पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून शोधायला गेला तेव्हा. मिररने तीच फाइल इमानदारीने उतरवून ठेवली असती. वर्गणी काढायचीच तर आपण रोज वापरतो त्या चार लायब्ररींच्या लेखकांना पाठवा. माझी पहिल्या महिन्याची वर्गणी त्यातच जाईल.

ऐरोलीकर
दोन्हीला पैसे देईन, पण मिरर सोडणार नाही. खारघरच्या लॅबपासून सुरुवात करू. घोडबंदरसाहेब, अपवाद मंजूर करायला दोन माणसं लागतील, रात्री फोन उचलणारी. एक मी. दुसरं नाव तुमचं लिहू का?