अनुभव धागा : तुम्हाला अडवलेलं कोडं आणि त्यातला शब्द

गणपतीत कुडाळच्या घरी दुसऱ्या रात्री वीज गेली. आरती आटोपली होती, भजनी मंडळी अजून दोन घरं मागे होती आणि पोरं कंटाळली होती. म्हणून कोडं घातलं. तीन अक्षरांचं गाव. पहिलं अक्षर खाल्लं तर आमटीसाठी शिजते, मधलं खाल्लं तर खोताची जमीन कसतं, शेवटचं खाल्लं तर रानात झाड होऊन उभा राहतो.

पुण्यात वाढलेल्या भाचीनं 'डाळ' लगेच पकडली आणि तिथून 'कुडाळ' ओळखलंही. 'कुळ' तिच्या बाबांनी समजावलं. पण 'मामा, कुडा म्हणजे काय?' यावर मेणबत्तीच्या उजेडात काय दाखवणार? सकाळी तिला घराच्या मागे नेलं, जोडीजोडीनं लोंबणाऱ्या शेंगा दाखवल्या. पोट बिघडलं की आजी याचीच साल उगाळून द्यायची, हेही सांगितलं. दुपारी त्याच शेंगांची भाजी झाली. तिनं ती दोनदा घेतली.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. शब्द वापरातून गेला की उत्तर सांगूनही कोडं सुटत नाही. म्हणून हा धागा. तुम्हाला अडवलेलं कोडं लिहा. उत्तर लिहाच, आणि नेमका कुठला शब्द आडवा आला तेही लिहा. स्वतः रचलेलं असेल तर फारच छान.

मालवणहून

माझी आई मासे विकायची. टोपलीपुढे गिऱ्हाईक नसलं की ती आम्हा भावंडांना कोडी घालायची, आणि त्यांची उत्तरं टोपलीतच असायची. 'बाई असली तर हातात, बाप्या झाला तर ताटात.' बांगडी आणि बांगडा! नुसतं लिंग बदललं की काचेचा मासा होतो, याचा मला सात-आठ वर्षांची असताना इतका आनंद झाला होता की घरातल्या प्रत्येक वस्तूचा मी बाप्या करून पाहत होते.

दुसरं तिचं लाडकं : 'पहिल्या कोण नाहीत, दुसऱ्या कोण नाहीत, तरी आम्ही तिसऱ्या.' वसतिगृहात मैत्रिणींना हे घातलं तर सगळ्या नाती शोधत बसल्या. मावशा, जावा, सवतीसुद्धा. तिसऱ्या म्हणजे शिंपले हे त्यांच्या कानावरच आलेलं नव्हतं. सुट्टीहून परत जाताना आईनं डबाभर सुकं करून दिलं, तेव्हा कुठे त्यांना कोडं पटलं.

रत्नागिरीहून

आमच्या आजोबांना कीर्तनाचं वेड होतं. एका पावसाळ्यात पडवीत सुतळी वळत बसले असताना त्यांनी मला हा श्लोक ऐकवला :

केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः ।
रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव ॥

केशव पडलेला पाहून द्रोणाला हर्ष झाला आणि सगळे कौरव 'हा केशव' म्हणून रडू लागले. मी नववीत होतो, महाभारत पाठ होतं. म्हटलं, हे उलटं आहे. कृष्ण युद्धात पडलाच नाही, आणि पडला असता तरी कौरव कशाला रडतील? आजोबा म्हणाले, 'तू गोष्ट वाचतोयस. अक्षरं वाच.' त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. जेवताना विचारलं तरी नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर 'के' लिहिलं, जागा सोडली आणि 'शवं' लिहिलं. क म्हणजे पाणी, त्याची सप्तमी के. पाण्यात पडलेलं प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, त्याला मेजवानी दिसली. कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात, त्यांच्या हाती लागत नाही, म्हणून ते रडतात. अंगावर काटा आला. एका रिकाम्या जागेनं अख्खं कुरुक्षेत्र नाहीसं झालं होतं. शब्द फोडून दुसरा अर्थ निघाला की त्याला सभंग श्लेष म्हणतात हे पुढे कॉलेजात शिकलो, पण मला तो कळला होता पाटीवरच. आज संस्कृत शिकवतो, त्याची सुरुवात त्या पडवीतली आहे.

गुहागरहून

वरच्या श्लोकावरून आठवलं. 'त्रिनेत्रधारी न च शूलपाणिः', तीन डोळे आहेत पण शंकर नव्हे. उत्तर नारळ. बाबांनी मला सोललेला नारळ हातात देऊन डोळे मोजायला लावले होते, आणि तिघांतला मऊ डोळा नखानं शोधायला. कोंब तिथूनच बाहेर येतो.

वेंगुर्ल्याहून

मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इथे आले. पहिलं वर्ष म्हणजे रोजचं कोडंच होतं. शेजारच्या काकूंनी माझ्या दिराला विचारलं, 'आवस खंय गेली रे?' मला वाटलं, अमावास्या कधी होती असं विचारतायत. त्या सासूबाईंची चौकशी करत होत्या. 'आज मोरी केलीय' ऐकून मी मोरी घासायला गेले, आणि ताटात आला मुशी माशाचा झणझणीत रस्सा. सगळ्यात गोड प्रसंग लेकाचा. अभंग ऐकून तो म्हणाला, 'तुका म्हणे म्हणजे तुला म्हणे ना गं?' मालवणीत तुका म्हणजे तुला. संत आपल्यालाच सांगतायत असं त्याला वाटलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

माहेरचं एक कोडं मात्र इथे पार अडलं. 'कोकणातनं आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी.' उत्तर लसूण. सासूबाई म्हणाल्या, 'लसूण घाटावरून येते आमच्याकडे, कोकणातून कसली?' आता आम्ही पहिला शब्द बदलून 'घाटावरनं आली सखी' असं घालतो. ती सखी मीच, असं सासूबाई म्हणतात.

अलिबागहून

छोटंसं, पण माझ्यासाठी मोठं. भाऊ तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होता आणि दर वेळी थोडक्यात राहत होता. शेवटच्या वेळी यादी लागली तेव्हा आम्ही दोघं किनाऱ्यावर बसलो होतो. खूप वेळानं तो म्हणाला, 'दिवसातून दोनदा भरती होते, पण नोकरी कुणालाच लागत नाही. ओळख.' पाणी पायापर्यंत आलं होतं. त्या दिवसात तो पहिल्यांदाच आपणहून बोलला. तेवढ्यासाठी ते कोडं मी जपून ठेवलंय.

सावंतवाडीहून

आमच्याकडे कोडं म्हणजे हुमाण. गोव्याच्या मावशीकडे हुमण म्हणजे माशाची आमटी. 'हुमाण घाल' म्हटलं की मावशी ताट घ्यायची. एवढंच.

देवगडहून

प्राथमिक शाळेत शिकवतो. मुलांच्या फोनवर येणारी कोडी बहुतेक इंग्रजीतून उचललेली असतात. 'की'वरचा विनोद मराठीत 'किल्ली' केला की मरतो, आणि मुलं मुकाट उत्तर पाठ करतात. म्हणून पाचवीला सांगितलं, आपापल्या ओळखीचं गाव घ्या आणि फोडा. मागच्या बाकावरच्या, एरवी हात वर न करणाऱ्या मुलानं लिहिलं : 'चार अक्षरी बंदर. पहिली दोन जहाजात भरतात, मधली दोन रामाचा मुलगा, शेवटची तीन मासे खारवतात.' माल, लव, लवण. मालवण! मी त्याला ते तीनदा वाचायला लावलं. मला ऐकायचं होतं म्हणून.

धागाकर्ता, पुन्हा कुडाळहून

हे सगळं काल भाचीला फोनवर वाचून दाखवलं. केशवाच्या श्लोकापाशी ती 'थांब थांब, मला फोडू दे' म्हणाली. तिला जमला नाही, पण उत्तर सांगू दिलं नाही. रात्री तिचा निरोप आला, हा तसाच देतो : 'मामा, तीन अक्षरी गाव. शेवटचं खाल्लं तर बेकरीत मिळतो. मधलं खाल्लं तर परीक्षेत सगळ्यांना व्हायचं असतं. पूर्ण म्हटलं तर छोटू खिडकी लावायला धावतो, कारण त्याला पाऊस ऐकू येतो.'

पावस.