ड्रेसिंगला पाणी सुटायलंय, काय करू?

*बी-२०३ ताई:* काकू, वहिनी, कुणी सांगता का? लेक पुण्याहून सुट्टीला आली आहे. तिकडच्या हॉटेलात मिळतं तसं घट्ट, पांढरं ड्रेसिंग घातलेलं सॅलड मागायली. काल मी दह्यात साय, मिरपूड, लसूण घालून फेटलं. वाटीत छान दिसत होतं. काकडी-कोबीवर घातलं अन् दहा मिनिटांत ताटात पाणीच पाणी. चव पण कोशिंबिरीचीच आली.

*डी-३०४ वहिनी:* साय जास्त फेटली गेली असेल. लोणी सुटतं मग.

*बी-२०३ ताई:* लोणी नाही हो वहिनी, पाणीच सुटलं.

*सी-४०१ काकू:* दही बांधलं होतंस का गं?

*बी-२०३ ताई:* नाही काकू, विरजलेलं तसंच घेतलं.

*सी-४०१ काकू:* मग तिथंच बिघडलं. तव्यावर भाकरी आहे, स्वयंपाक उरकून सगळं लिहिते.

*सेक्रेटरी:* सूचना. उद्या नळ येणार आहे. मोटार साडेसहाला लावू. ज्यांच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद आहे त्यांनी रात्रीच उघडून ठेवावा.

*सी-४०१ काकू:* हं, झाल्या भाकरी. ऐक. माझा धाकटा चार वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होता, त्याच्याकडून मी हे शिकले. तुझी लेक मागायली ते बहुतेक रँच असणार. त्यात काय असतं तर मेयोनीज, ताक, लसूण, कांदा अन् शेपू. खरंच शेपू. ते लोक त्याला डिल म्हणतात. आपला शेपू वासाला जरा उग्र आहे, म्हणून कोवळा घ्यायचा अन् हात आखडता ठेवायचा. आपल्या भाजीबाजारात जुडीनं मिळणारी ही भाजी त्या ड्रेसिंगचा जीव आहे. शेपू नाही घातला तर ते दह्याचंच लागतं, तुझी कोशिंबीर झाली ती त्यामुळंच.

आता घट्टपणाचं. साधं दही किती पण फेट, त्यातलं पाणी कुठं जाणार? अर्धा किलो म्हशीच्या दुधाचं दही पंचात बांधून पाच-सहा तास टांग, श्रीखंडाला टांगतो तसंच. उन्हाळा असता तर फ्रिजमध्येच चाळणीवर ठेव म्हटलं असतं, बाहेर आंबट झालं असतं. आत्ता थंडी आहे, ओट्यावर चालतं. खाली पडलेलं पाणी फेकू नकोस, लागणार आहे.

नुसत्या चक्क्यानं हॉटेलची चव येत नाही, त्याला तेलाचा गुळगुळीतपणा लागतो. तो मेयोनीजमधून येतो. अंडं नको असलं तरी जमतं. पाव वाटी थंड दूध, उकळून गार केलेलं अन् साय काढलेलं. अर्धी वाटी तेल. अर्धा चमचा मोहरीची पेस्ट, चवीला मीठ. उभट, अरुंद ग्लासात दूध घे, वरून तेल ओत. हँड ब्लेंडर अगदी तळाला टेकव अन् सुरू कर. वीस सेकंद हलवायचा नाही. हीच गंमत आहे. तळातनं पांढरं पांढरं वर चढायला लागतं, मग हळूच वर ओढायचा. शेवटी एक चमचा लिंबू पिळ अन् परत एकदा फिरव. लिंबू पडताच ते आणखी घट्ट होतं.

*डी-३०४ वहिनी:* काकू, माझ्याकडे हँड ब्लेंडर नाही. मिक्सरमध्ये?

*सी-४०१ काकू:* छोट्या भांड्यात होतं. पातं दुधात बुडलेलं पाहिजे, आणि तेल दोऱ्यासारखं बारीक सोडायचं. एकदम ओतलं की फुटलं. मिक्सर सलग पण चालवू नको, भांडं गरम झालं की फुटतं. फुटलंच तर टाकून देऊ नको. दुसऱ्या कोरड्या भांड्यात दोन चमचे थंड दूध घे अन् फुटलेलं त्यात थोडं थोडं सोडत फिरव. परत धरतं.

*बी-२०३ ताई:* काकू, दूध अन् तेल एकत्र कसं राहतं पण?

*सी-४०१ काकू:* पात्यानं तेलाचे बारीक बारीक थेंब होतात. दुधातली प्रथिनं त्या थेंबांभोवती चढतात अन् परत एकमेकांना चिकटू देत नाहीत. अंड्याच्या मेयोनीजमध्ये हेच काम बलक करतो. मोहरी पण मदत करते, म्हणून ती वगळू नको.

*ए-१०२ काका:* ताई, तेल कोणतं वापरता? शेंगदाण्याचं घाण्याचं वापरलं तर त्याचाच वास वर येईल. करडी तेल वापरून पाहा. आपल्याकडे ज्वारीच्या कडेनं करडी असायची, काट्यामुळं जनावरं आत शिरत नसत. आता हरभरा-सोयाबीनपुढं ती मागं पडली, याचं फार वाईट वाटतं. मी कृषी विद्यापीठात होतो तेव्हा आमच्याकडे करडीवर काम चालायचं. परभणी कुसुम हे वाण इथलंच. रिफाइंड करडी तेल अगदी सौम्य असतं, कुठल्याही मसाल्याला आडवं येत नाही. इथल्या मातीतलं तेल इथल्या स्वयंपाकात राहावं, असं मला मनापासून वाटतं.

*सी-४०१ काकू:* सर, मी करडीचंच वापरते. रिफाइंडच. घाण्याच्या करडीला जरा वास असतो, ती घोळाण्याला, म्हणजे कच्च्या पालेभाजीत कालवायला, छान लागते.

*डी-१०१ दादा:* हे रँच म्हणजे खरंच शेतावरचं. स्टीव्ह हेन्सन नावाचा माणूस अलास्कात प्लंबिंगचं काम करायचा, तिथं कामगारांसाठी जेवण करताना त्यानं हे बसवलं. पुढे १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ रँच घेतला अन् येणाऱ्या पाहुण्यांना ते वाढायला लागला. मग कोरड्या मसाल्याची पाकिटं पोस्टानं विकली. घरी मेयोनीज अन् ताक घालायचं, की झालं.

*डी-३०४ वहिनी:* म्हणजे मसाला कोरडा करून ठेवला तरी चालेल?

*सी-४०१ काकू:* चालतो. शेपू अन् कांद्याची पात सावलीत कडक वाळवून चुरायची, लसूण पावडर, कांदा पावडर, मिरपूड, मीठ घालायचं. पण ताज्या शेपूची सर नाही.

आता सगळं जुळवायचं. एक वाटी चक्का, तीन मोठे चमचे मेयोनीज, लसणाची एकच छोटी पाकळी बारीक किसून. दोन घालू नको, कच्चा लसूण फ्रिजमध्ये तासागणिक तिखट होत जातो. कांद्याचा रस एक छोटा चमचा. शेपू एक मोठा चमचा, पात एक मोठा चमचा, दोन्ही अगदी बारीक. मिरपूड, मीठ, चिमूटभर साखर, थोडं लिंबू. आता ते चक्क्याचं पाणी चमच्या-चमच्यानं घालत सैल कर. चमचा उचलल्यावर पाठीवर जाड थर राहिला अन् बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की थांब. मग अर्धा तास फ्रिजमध्ये. लगेच चाखशील तर नुसता लसूण लागेल.

*बी-२०३ ताई:* आणि काकडीचं पाणी?

*सी-४०१ काकू:* काकडीला मीठ लावून दहा मिनिटं ठेव, पिळून काढ, मग ड्रेसिंगमध्ये मीठ कमी घाल. कोबी, पानं धुतल्यावर पंचावर पसरून कोरडी कर. ओल्या पानावर ड्रेसिंग बसत नाही, घसरून खाली येतं. उद्या नळ आला की सकाळीच धुऊन ठेव, दुपारपर्यंत सुकतात. अन् ड्रेसिंग ताटात वाढताना घालायचं, आधी नाही.

*ए-३०१ मावशी:* आमच्याकडे लसूण-कांदा चालत नाही.

*सी-४०१ काकू:* मावशी, पाव चमचा जिरेपूड अन् चिमूटभर हिंग घाला, शेपू थोडा वाढवा. रँच राहणार नाही, पण छान लागतं.

*डी-३०४ वहिनी:* अंडं घालून केलं तर चव जास्त येते म्हणतात.

*सी-४०१ काकू:* येते. पण कच्चं अंडं मी घरात करत नाही. मागं एका ठिकाणी मेयोनीज घातलेलं सँडविच खाऊन आमच्या घरातलं लेकरू दोन दिवस सलाईनवर होतं. त्यातून साल्मोनेला नावाच्या जंतूचा धोका असतो अन् वरून दिसत काहीच नाही. शेजारच्या तेलंगणानं ३० ऑक्टोबर २०२४ ला कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती, नांदेडच्या माझ्या भावजयीनं तेव्हा सांगितलं. दुधाचं केलेलं पण फ्रिजमध्येच ठेवायचं अन् तीन दिवसांत संपवायचं. वीज फार वेळ गेली तर ते खायचं नाही.

*ए-१०२ काका:* आणि शुगर-बीपी असलेल्यांनी हात राखूनच घ्यावं. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी.

*सी-४०१ काकू:* म्हणूनच मी चक्का जास्त अन् मेयोनीज कमी घेते सर. हॉटेलात उलटं असतं.

*बी-२०३ ताई:* आज रात्रीच दही टांगते.

(दुसऱ्या दिवशी, रात्री ८.४०)

*बी-२०३ ताई:* काकू, जमलं! पहिल्यांदा मेयोनीज फुटलं, तुम्ही सांगितलं तसं थंड दुधात परत धरलं. चमच्याच्या पाठीवरची रेघ तशीच राहिली. लेकीनं सॅलड खाल्लं, अन् उरलेलं ड्रेसिंग धपाट्याला लावून खायली आत्ता. म्हणायली, तिथल्यापेक्षा शेपूचा वास जास्त छान आहे.

*सी-४०१ काकू:* धपाट्याला तर फारच छान लागतं गं. दह्याऐवजी मी पण तेच वाढते. चक्क्याचं उरलेलं पाणी फेकलं नाहीस ना?

*बी-२०३ ताई:* नाही काकू. त्यातच ज्वारीचं पीठ भिजवलं धपाट्यांचं.