मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या मुलांसाठी फुलपाखरांचे घरगुती उपक्रम

नमस्कार मंडळी,

वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मुलगी दुसरीत आहे, संध्याकाळी शेजारची पोरंही आमच्या ओसरीवर अभ्यासाला बसतात. सध्या सगळ्यांना फुलपाखरांचं वेड लागलंय. नेटवर सापडतं ते बहुतेक 'प्रिंट काढा, कापा, चिकटवा' असंच. परसात जिवंत अळी असताना कागदाची कशाला करायची, असं मला मनापासून वाटतं.

गोडनिंबाच्या (कढीपत्त्याच्या) कोवळ्या पानांवर पिवळसर अंडी दिसली होती, साबुदाण्याहून बारीक, सुटी सुटी. आता तिथं दोन अळ्या आहेत. काळपट, मधे पांढरा डाग, लांबून चिमणीची शीटच वाटते. काडी लावली की डोक्यामागून लालसर दोन शिंगं काढते आणि उग्र वास येतो. "काकू, तिले राग आला का वं?" एकानं विचारलं.

आता अडचणी. सासूबाई म्हणतात, हात लागला तर खाज सुटेल. मामंजींचं म्हणणं, हीच अळी संत्र्याच्या कलमांची पालवी फस्त करते, तिला पाळता काय? त्यांचंही बरोबर आहे, आम्हीच बगीच्यात तिच्यासाठी फवारणी करतो. पोरांना हे कसं सांगू? आणि पहिलीतल्यांना धड लिहिता येत नाही, त्यांच्याकडून नोंदी कशा करून घेऊ?

प्रतिसाद:

ताई, खाजेची भीती केसाळ सुरवंटाची. ही अळी गुळगुळीत असते, तरी पोरांनी बघावं, हाताळू नये. रुईवरची पट्टेरी अळी मात्र लहानांकडून आणवू नका, रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट.

रुंद तोंडाची बरणी घ्या, वर पातळ फडकं बांधा. गोडनिंबाची डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसानं बुजवा, नाहीतर अळी पाण्यात पडते. पानं रोज ताजी, पण बगीच्यातली फवारलेली अजिबात नकोत. लेंड्या रोज काढा. एक काडी तिरकी लावून ठेवा, अळी तिथं कमरेला रेशमाचा धागा बांधून कोष करते.

लिहिता येत नसेल तर दोरा वापरा. रोज बरणीबाहेरूनच अळीएवढा दोरा कापून वहीत चिकटवायचा, शेजारी तिचं चित्र. लांबी कशी वाढते ते पोरांना आपोआप दिसतं. काळपट अळी शेवटच्या कातेनंतर हिरवी होते, तो दिवस चुकवू नका.

मामंजींनाच पोरांशी बोलायला बसवा. मोठ्या झाडाला या अळीचं फारसं वाटत नाही, कलमाला मात्र फटका बसतो. शेतकऱ्याच्या पोरांना हे दोन्ही कळायलाच हवं.

कोष झाला की पैज लावा, कोणतं निघणार? काळ्यावर पिवळे ठिपके आणि शेपटी नसेल तर लाइम बटरफ्लाय. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग आणि शेपटी असेल तर कॉमन मॉर्मनचा नर. त्याच कुळातलं ब्लू मॉर्मन २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. कधी कोषातून गांधीलमाशीसारखा बारीक कीटकही निघतो, कारण त्याच्या आईनं अळीतच अंडी घातलेली असतात. पोरांना ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड होते.

अळ्या अजून काळपटच आहेत ना? हिरव्या झाल्या की कळवा, काडी त्याआधीच लावा.