१९४७ सालची अमेरिकी बॉक्सकार एचओ मापात: ब्रेक, बोग्या आणि अक्षरे कोणत्या सालातली धरावीत?

खडकी_साइडिंग:

नमस्कार. सहकारनगरमधील घरात एका भिंतीलगतच्या आठ फुटी फळीवर मी एचओ मापाचे, म्हणजे एका फुटाला ३.५ मिलिमीटर या प्रमाणातले, एक छोटे यार्ड मांडत आहे. स्थळ शिकागोच्या आसपासचे आणि काळ १९४७ सालच्या ऑक्टोबरचा धरला आहे. शिकागो निवडण्याचे कारण अगदी घरगुती आहे: धाकटी बहीण तिथे राहते आणि संच, चाके, कपलर हे सारे तिच्याच सामानातून पुण्याला येते.

सध्या टेबलावर पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या एक्स२६ वर्गाच्या बॉक्सकारचा, म्हणजे बंदिस्त मालवाघिणीचा, स्टायरिन या प्लास्टिकचा संच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेल्वे चालवणाऱ्या यूएसआरए या अमेरिकी सरकारी प्रशासनाच्या प्रमाणित आराखड्याची ही पन्नास टनी, एकपदरी फळ्यांची वाघीण. संचात हवेच्या ब्रेकच्या दोन नमुन्यांचे, जुन्या के ब्रेकचे आणि नव्या एबी ब्रेकचे, असे दोन्ही भाग दिले आहेत, आणि डेकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांच्या, पानावर वेगवेगळ्या सालांची अक्षरे आहेत. माहितीपत्रकात मात्र कोणत्या सालासाठी काय लावावे याविषयी चकार शब्द नाही. दोन्ही टोकांच्या पकडदांड्या भिंतीतच ओतलेल्या आहेत. त्या तासून तारेच्या बसवाव्यात की तशाच ठेवाव्यात, हाही प्रश्न आहे. शिवाय वाघिणीच्या पोटाखालचे ब्रेकचे दांडे आणि तरफा कोणाला दिसणार आहेत, असे घरातून वारंवार विचारले जाते आणि त्यावर माझ्याकडे पटण्याजोगे उत्तर नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कर्जत_बँकर:

आपण साल आधी ठरवले आहे, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. बहुतेकांची गाडी इथेच घसरते: बोगी (म्हणजे वाघिणीखालचा चाकांचा गाडा) १९२० सालची, छतावरची पायवाट १९५० सालची आणि अक्षरे संचात जी आली ती, अशा वाघिणी कितीही सफाईने रंगवल्या तरी जाणत्या डोळ्याला खटकतात. वाघीण अचूक आहे का, या प्रश्नाला ती कोणत्या महिन्यातली आहे हे सांगितल्याखेरीज अर्थ येत नाही. तेव्हा सुरी हातात घेण्यापूर्वी या वाघिणीचे वय मोजू.

अमेरिकी सरकारने १९१७ च्या डिसेंबरअखेरीस रेल्वे आपल्या ताब्यात घेतल्या आणि १ मार्च १९२० रोजी त्या कंपन्यांना परत केल्या. या मधल्या काळात यूएसआरएने प्रमाणित आराखडे करून सुमारे एक लाख मालवाघिणी मागवल्या. आपल्या नमुन्याच्या त्यात सुमारे पंचवीस हजार होत्या. म्हणजे १९४७ साली आपली वाघीण पावशतक ओलांडलेली, अनेकदा दुरुस्त झालेली आणि रंग बदललेली असणार. फळ्या आक्रसून फटी पडत आणि धान्य किंवा पीठ भिजे, म्हणून पुढे अनेक कंपन्यांनी याच सांगाड्यांवर पोलादी बाजू चढवल्या. आपली वाघीण त्यातून सुटलेल्यांपैकी आहे असे समजावे, आणि तिच्या अंगावर तेवढे वय दिसू द्यावे.

आता ब्रेक. के ब्रेकमध्ये सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप बहुधा एकाच लांबट घडणीत जोडलेली असत. एबी ब्रेक १९३३ पासून नव्या वाघिणींना सक्तीचा झाला आणि त्यात सिलिंडर, दोन कप्प्यांची टाकी आणि झडप असे तीन सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणी टांगलेले असतात. जुन्या वाघिणींना तो बसवण्याची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढत १९५३ पर्यंत गेली. त्यामुळे १९४७ साली आपल्या वाघिणीखाली दोन्हींपैकी कोणताही ब्रेक असू शकतो आणि आपण काहीही निवडले तरी चूक नाही. माझे मत विचाराल तर के लावावा. आपल्या यार्डात युद्धानंतरच्या पोलादी वाघिणीही येतील. त्यांच्या पोटाखाली एबी असणारच, आणि शेजारी ही जुनी उभी राहिली की काळाचा फरक आपोआप बोलेल.

काहीही लावा, पण दिशा चुकवू नका. ब्रेक सिलिंडरचा दांडा ज्या टोकाकडे बाहेर सरकतो, त्या टोकाला अमेरिकेत बी टोक म्हणतात आणि हातब्रेकचे चाक त्याच टोकाला असते. पुष्कळ तयार प्रतिकृतींत सिलिंडर उलट्या तोंडाने चिकटवलेला आढळतो. शिवाय १९१९ च्या वाघिणीला उभ्या दांड्यावरचे आडवे चाक असे; दातेरी यंत्रणेचे उभे चाक १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नव्या वाघिणींवर सार्वत्रिक झाले. छताची पायवाट लाकडीच ठेवा. जाळीदार पोलादी पायवाट नव्या वाघिणींसाठी १९४० च्या दशकाच्या मध्यात आवश्यक ठरली आणि जुन्यांवरच्या लाकडी फळ्या पुढेही बरीच वर्षे राहिल्या.

बोग्या अँड्र्यूज नमुन्याच्या हव्यात. यूएसआरएने या वाघिणींना त्याच दिल्या होत्या. जोडपट्ट्यांच्या आर्चबार बोग्या दिसायला देखण्या असल्या, तरी १९४०-४१ च्या सुमारासच त्यांना दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर जाण्यास बंदी झाली होती. आपल्या यार्डात त्या फार तर कंपनीच्या स्वतःच्या दुरुस्ती गाडीखाली शोभतील. चाके ३३ इंची, म्हणजे प्रतिकृतीत ९.६ मिलिमीटर व्यासाची. त्या काळी बेअरिंगे तेलाच्या चिंध्यांवर चालत, त्यामुळे चाकांच्या दर्शनी भागावर तेल आणि धूळ यांचा काळपट थर बसे. चाकांची बाहेरची बाजू चकचकीत ठेवली की बाकीची सारी मेहनत वाया जाते.

सांधेवाली:

कर्जत_बँकर यांनी सालाचा हिशेब चोख मांडला आहे, म्हणून मी केवळ हाताच्या कामाविषयी लिहिते.

पकडदांड्या अवश्य तासाव्यात. खऱ्या पकडदांडीची जाडी पाऊण इंच किंवा त्याहून थोडी कमी असे, म्हणजे एचओ मापात ती ०.२ मिलिमीटरच्या आसपास येते. साच्यात ओतलेली दांडी त्याच्या दुप्पट जाड असते आणि भिंतीपासून सुटलेली नसल्यामुळे तिची सावली पडत नाही. प्रतिकृतीत आपला डोळा सर्वांत आधी सावल्याच टिपतो. तासण्यासाठी नवे पाते सपाट धरून पातळ पापुद्रे काढावेत आणि भोकांच्या जागा आधीच सुईच्या टोकाने खुणावून ठेवाव्यात, नाहीतर दांडी गेल्यावर ती नेमकी कुठे होती तेच कळत नाही.

तारेसाठी अमेरिकेतून काही मागवण्याची गरज नाही. सतारीच्या तरफेच्या तारा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या असतात आणि वाद्यांच्या दुकानात सुट्या मिळतात. ही तार पोलादी आणि कडक असल्यामुळे आधी मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून मऊ करून घ्यावी आणि नाजूक कटरने कधीही कापू नये, कारण कटरच्या पात्याला कायमची खाच पडते. पोलादाला गंज चढतो, तेव्हा बसवल्यावर लगेच प्रायमर मारावा. ज्यांना हा सोपस्कार नको असेल त्यांनी रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास, बारीक पितळी तार शोधावी. ती वळते छान, पण धक्का लागला की तितक्याच सहजपणे वाकते. सगळ्या दांड्या एकाच लांबीच्या व्हाव्यात म्हणून पितळेच्या पट्टीचा एक ठोकळा करून त्याच्याभोवती तार वळवावी.

रंगाबाबत पुण्याचा पावसाळा लक्षात घ्यावा. जून ते सप्टेंबर या काळात हवेतल्या दमटपणामुळे लॅकर जातीच्या रंगावर आणि वार्निशवर दुधट पांढरी छटा येते. अ‍ॅक्रिलिक रंगांना हा त्रास कमी होतो, तरी डेकलआधीचा चकचकीत थर मी ऑक्टोबर उघडल्याशिवाय देत नाही. तो थर टाळूही नये, कारण खडबडीत रंगावर डेकल बसवले की खाली हवा अडकून अक्षरांभोवती चांदीसारखी कड दिसते.

एकपदरी वाघिणीत बाहेरचा सांगाडा पोलादाचा आणि आतल्या फळ्या लाकडाच्या, आणि दोघांवरचा रंग वेगवेगळ्या गतीने उडतो. फळ्या एकेक करून किंचित फिकट किंवा किंचित करड्या कराव्यात आणि पोलादी पट्ट्या मूळ तांबूस रंगाच्या जवळ ठेवाव्यात. हे काम सर्वांत वेळखाऊ आहे आणि सर्वांत आनंदाचेही.

घोरपडी_शेड:

थोडा विरोधी सूर लावतो. आपली फळी छातीच्या उंचीवर असेल तर पोटाखालचे काहीच दिसणार नाही, आणि कमरेच्या उंचीवर असेल तर त्याहून नाही. कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात गाड्या धावताना पाहणाऱ्यांपैकी किती जण ब्रेकची तरफ शोधतात? बाजूने पाहताना चौकटीखाली लोंबणारा सिलिंडर, टाकी आणि झडप यांची बाह्याकृती दिसते. तेवढी बसवावी आणि दांड्यांचे जाळे सोडून द्यावे. तो वेळ गाडी नीट धावण्यासाठी द्यावा.

अमेरिकी छंदसंघटनेची, एनएमआरएची, वजनाची शिफारस एचओसाठी एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. आपल्या वाघिणीला ते सुमारे ११० ग्रॅम येते आणि स्टायरिनचा संच त्याहून बराच हलका भरतो. टायरच्या दुकानातले चाक-संतुलनाचे शिशाचे तुकडे छत चिकटवण्यापूर्वी बोग्यांच्या वर, वाघिणीच्या आतल्या तळालगत बसवावेत. शिसे लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नये. काही वर्षांत ते आतून फुगून बाजू फाकवते. दोन भागांचे इपॉक्सी वापरावे. एका बोगीचा स्क्रू असा आवळावा की ती फक्त वळेल, दुसरीचा थोडा सैल ठेवावा म्हणजे ती डोलेलही; वाकड्यातिकड्या रुळावर वाघीण घसरत नाही.

आणखी एक. आपल्याकडच्या जुन्या चारचाकी वाघिणींच्या टोकाला व्हॅक्यूम ब्रेकचा जाड, वळ्यांचा नळ उभा दिसतो, आणि त्या सवयीने हात जाड नळीकडे जातो. अमेरिकी हवेची नळी बारीक असते आणि कपलरच्या शेजारी खाली लोंबते.

खडकी_साइडिंग:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. के ब्रेक, लाकडी पायवाट आणि अँड्र्यूज बोग्या नक्की केल्या. घोरपडी_शेड यांचे म्हणणे पटते, तरी एक वाघीण दांड्यांसकट पूर्ण करावी असे मनात आहे. आता अडले आहे ते अक्षरांपाशी. डेकलच्या पानावर रिकाम्या वजनाचे आणि भारमर्यादेचे निरनिराळे आकडे आहेत, त्याखाली १९१९ पासून १९५० च्या दशकापर्यंतच्या तारखा आहेत, आणि कंपनीचे चिन्हही दोन प्रकारचे आहे. यातून १९४७ चे कसे निवडावे?

कर्जत_बँकर:

चिन्हाचे उत्तर सोपे आहे. पेनसिल्व्हेनियाची वर्तुळातली कीस्टोन, म्हणजे कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचे कंपनीचे चिन्ह, १९३० च्या सुमारास आली आणि सावलीची कीस्टोन १९५४ च्या सुमारास. आपल्याला वर्तुळातलीच हवी.

आकड्यांसाठी एक बेरीज लक्षात ठेवा. भारमर्यादा हा आकडा बोगीच्या आसांवर अवलंबून असे: पन्नास टनी वाघिणीचे रुळावरचे एकूण वजन त्या काळी १,६९,००० पौंडांपेक्षा जास्त चालत नसे. म्हणून रिकामे वजन आणि भारमर्यादा यांची बेरीज नेमकी तेवढी यायला हवी. रिकामे वजन ४६,००० लिहिले तर भारमर्यादा १,२३,००० असली पाहिजे. डेकलच्या पानावर ज्या जोडीची बेरीज १,७७,००० येते, ती पुढे मर्यादा वाढवल्यानंतरची आहे. ती बाजूला ठेवावी. क्षमतेचा १,००,००० हा आकडा मात्र ठोक असतो, त्याचा या बेरजेशी संबंध नाही.

तारखेचे म्हणाल तर नवी वाघीण बाहेर पडताना वजनाशेजारी नवी असल्याचा शब्द आणि महिना-साल लिहीत. पुढे लाकूड वाळले, दुरुस्त्या झाल्या की तिचे पुन्हा वजन करीत आणि त्या शब्दाच्या जागी वजन करणाऱ्या ठिकाणाची खूण आणि नवा महिना येई. १९१९ ची तारीख १९४७ मध्ये शोभणार नाही. १९४५ किंवा १९४६ मधला एखादा महिना घ्या आणि वजनाच्या आकड्यांमागे ताज्या रंगाचा छोटा चौकोन द्या, कारण जुने आकडे झाकून त्यावर नवे रंगवत. बाकी बाजू मळकी आणि तेवढाच तुकडा स्वच्छ, हे खऱ्या छायाचित्रांत सतत दिसते. बेअरिंगांत तेलाच्या चिंध्या भरल्याची आणि ब्रेक साफ केल्याची बारीक अक्षरे याहून अलीकडची असावीत, कारण ती कामे वारंवार होत.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर जॅक डेलानो यांनी १९४२-४३ च्या सुमारास शिकागोच्या यार्डांत अमेरिकी सरकारसाठी काढलेली छायाचित्रे पाहावीत. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात कोणालाही उपलब्ध आहेत आणि त्यांतली काही रंगीत आहेत. वाघिणींच्या बाजूंवरच्या खडूच्या खुणा त्यांत स्पष्ट वाचता येतात. तांबूस रंग किती छटांचा असे, हेही तिथेच कळते.

सांधेवाली:

खडूच्या खुणांसाठी पांढरी रंगीत पेन्सिल टोकदार करून शेवटच्या मॅट थराच्या आधी वापरावी. मॅट थराने ती जरा फिकी पडते, म्हणून आधी थोडी ठळक काढावी.