एचयू प्रथिनाला जिवाणूंचं हिस्टोन म्हणावं का?

प्रश्न: जिवाणूंत डीएनएला बांधणाऱ्या एचयू या प्रथिनाला 'हिस्टोनसारखं' म्हणतात (हिस्टोन म्हणजे आपल्या पेशींत डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं), पण रचना खरंच सारखी आहे का? आणि शुद्ध केलेलं एचयू २८० नॅनोमीटरला, म्हणजे प्रथिनं मोजायच्या नेहमीच्या अतिनील तरंगलांबीला, जवळजवळ दिसतच नाही, असं का?

उत्तर १: साम्य कामात आहे, घडीत (प्रथिनाच्या त्रिमितीय आकारात) नाही. हिस्टोन घडीत तीन अल्फा हेलिक्स (मळसूत्री भाग) असतात, मधली सर्वांत लांब, आणि दोन रेणू हस्तांदोलन केल्यासारखे गुंततात. एचयूचा रेणू सुमारे ९० अमिनो आम्लांचा. दोन रेणूंचा मिळून हेलिक्सचा गाभा बनतो आणि त्यातून बीटा पट्ट्यांचे दोन हात निघून डीएनएच्या अरुंद खाचेला कवटाळतात. हातांच्या टोकांवरचं प्रोलिन बेसजोड्यांमध्ये पाचरीसारखं घुसतं. डीएनए वाकतो तो तिथे! हिस्टोनभोवती तो गुंडाळला जातो, हा मोठाच फरक.

उत्तर २: ई. कोलायच्या एचयूत ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिनही नाही. २८० ला प्रथिनांत मुख्यतः हीच अमिनो आम्लं प्रकाश शोषतात, मग दिसणार काय? उलट तिथे ठळक शोषण आलं तर आधी २६० (डीएनएच्या शोषणाची तरंगलांबी) तपासा, बहुधा डीएनए चिकटून आलेला असतो. पेशी फोडताना १ मोलर सोडियम क्लोराइड आणि डीएनेझ (डीएनए तोडणारं विकर) वापरा, नंतर मीठ उतरवून हेपारिन स्तंभ (डीएनए-बांधणारी प्रथिनं धरून ठेवणारा). मोजणी बीसीए पद्धतीने (रंगाच्या तीव्रतेवरून) करा. जेल शिफ्टमध्ये (प्रथिन चिकटलेला डीएनए जेलमध्ये मागे राहतो, त्या चाचणीत) मीठ वाढलं की अखंड, सरळ आकाराच्या डीएनएवरची पकड सुटते, तुटलेल्यावरची टिकते, म्हणून एक धागा तुटलेला डीएनए सोबत ठेवाच.

उत्तर ३: खरी हिस्टोन घडीही काही जिवाणूंत आहे. डेलोव्हिब्रिओ या जिवाणूचं बीडी००५५ हे प्रथिन पाहा. ते डीएनएला सरळ आच्छादतं की वाकवतं, यावर २०२३-२४ मधले निष्कर्ष जुळत नाहीत.