मदत हवी आहे: पाच स्विचचा इंजिन आयडी एकच निघाला

कारखान्यातल्या 14 नेटवर्क स्विचवर एसएनएमपी (उपकरणांवर नेटवर्कवरून नजर ठेवायचा प्रोटोकॉल) व्हर्जन 2सी काढून व्हर्जन 3 लावलंय. ऑथप्रिव्ह (ओळख तपासणी आणि एन्क्रिप्शन दोन्ही), एसएचए, एईएस 128. मॉनिटरिंगला झॅबिक्स हे सॉफ्टवेअर. त्यातले पाच स्विच आळीपाळीने लाल-हिरवे होतात. एक परत आला की दुसरा गेलाच.

सर्व्हरवरून हाताने एसएनएमपीवॉक (स्विचची माहिती वाचणारी कमांड) चालवला की पाचही निमूट उत्तर देतात. म्हणजे पासवर्ड, एसीएल (कुणाला प्रवेश द्यायचा त्याची यादी), यूडीपी 161 पोर्ट सगळं ठीक. टाइमआउट वाढवला, एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणं) तपासलं. (एनटीपीचा इथे संबंधच नाही, स्विचमधला एसएनएमपी एजंट स्वतःचे बूट आणि त्यानंतरचे सेकंद मोजतो, हे दोन तास घालवल्यावर कळलं.) काल पॅकेट पकडले तर ‘नॉट इन टाइम विंडोज’ (वेळ जुळत नाही) ही एरर. पाचांचे इंजिन आयडी (व्हर्जन 3 मध्ये प्रत्येक एजंटची वेगळी असायला हवी अशी ओळख) एकाखाली एक लिहिले: शेवटच्या अक्षरापर्यंत तेच! पूर्वी कुणीतरी एकाच स्विचची कॉन्फिग पाचांवर जशीच्या तशी चढवलेली. आयडी एकच, म्हणून झॅबिक्स पाचांचे बूट आणि सेकंद एकमेकांत मिसळतो.

तर आयडी बदलायचाच आहे. युजरची गुप्त किल्ली (की) पासवर्ड आणि त्या आयडीवरूनच बनते, त्यामुळे युजर नव्याने टाकावे लागणार, ते माहीत आहे. उत्पादन तिन्ही पाळ्यांत चालतं, रीबूट फक्त रविवारी. ऑडिटमुळे 2सीवर परत जाता येत नाही.

कॉन्फिगमधली आयडीची ओळ काढून स्विचला स्वतःच्या मॅक पत्त्यावरून (हार्डवेअरचा पत्ता) आयडी बनवू द्यावा, की हाताने वेगवेगळे द्यावेत? आणि रीबूट न करता हे कुणी केलंय का? झॅबिक्समध्ये एसएनएमपी कॅश रीलोड पुरतो की सर्व्हिसच रीस्टार्ट करावी लागते?