कॉलेजचं गणित तुम्हाला कशानं जमायला लागलं?

बारावीला गणितात भरघोस मार्क आणि कॉलेजात पहिल्याच सेमिस्टरला हात टेकले, असे इथे बरेच जण असतील. पुढे कसं जमलं? ‘खूप अभ्यास केला’ एवढंच नको, नेमकं काय बदललं ते लिहा.

बीएस्सी, गणित
एप्सिलॉन-डेल्टानं, म्हणजे फंक्शन सलग आहे का हे ठरवायच्या व्याख्येनं, घाम फोडला होता. व्याख्या तोंडपाठ, अर्थाच्या नावानं शून्य. हॉस्टेलमधल्या एका सीनियर ताईनं त्याचा खेळच केला. ती एप्सिलॉन देणार, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल ते; मी डेल्टा शोधायचा, म्हणजे त्यासाठी क्ष त्या बिंदूच्या किती जवळ हवा ते. फल (फंक्शन) क्ष-वर्ग, बिंदू २. ती म्हणाली ०.१, मी दिला ०.०२. चालला. ती ०.०१ वर आली, मी ०.००२ वर. मग म्हणाली, आता बिंदू १०० घे, तोच ०.०२ चालतो का बघ. कुठला चालतोय! फरक थेट ४ च्या घरात. प्रत्येक बिंदूला डेल्टा वेगळा लागतो हे तिथे दिसलं, आणि पुढे युनिफॉर्म कंटिन्युइटी (एकच डेल्टा सगळ्या बिंदूंना चालणं) वर्गात आली तेव्हा ती ओळखीची वाटली. अजूनही नवी व्याख्या दिसली की मी आधी आकडे घालून बघते.

मेकॅनिकल
सोडवलेलं गणित वाचलं की सगळं कळल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटून तेच कोऱ्या कागदावर करा. पेन जिथे अडेल तेवढंच आपल्याला येत नसतं. बाकी एम-थ्रीपेक्षा (इंजिनीअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर) व्हायब्रेशन्सच्या तासानं जास्त शिकवलं: स्प्रिंगच्या समीकरणाची मुळं कॉम्प्लेक्स आली तर स्प्रिंग हेलकावे खाते, वास्तव आली तर नाही.

एमएस्सी
मी एमटीटीएसला गेले होते. प्रा. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं गणिताचं उन्हाळी शिबिर. तिथे सिद्धता फळ्यावर आयती मिळत नाही, प्रश्न विचारून विचारून आपल्याकडूनच काढून घेतात. कुणी म्हणालं, १ + १/२ + १/३... मधली पदं शून्याकडे जातात, म्हणजे बेरीज कुठेतरी थांबणारच. ‘चूक’ असं कुणी म्हटलं नाही. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त ना? पुढची चार पदं? त्यापुढची आठ? दरवेळी अर्ध्याहून जास्तच, म्हणजे बेरीज थांबणारच नाही. वर्गच हसायला लागला. चारचौघांत चुकीचं बोलायची भीती माझी तिथेच गेली.

नोकरी करून बीए
तुमचं सगळं खरं, पण वेळ असलेल्यांचं. मी जुने पेपर घोटले, पास झालो. समजून घेणं आता चाललंय, मुलीच्या पुस्तकातून.